सातवा रानपिंगळा: एका चोरलेल्या पक्ष्याची आणि खोट्या चिठ्ठीची गोष्ट

२५ नोव्हेंबर १९९७ची सकाळ. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या विरळ सागवानी रानातून तीन अमेरिकी पक्षिअभ्यासक चालत होते: पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट. ऊन चढू लागले होते आणि घुबडे शोधण्याची वेळ, रूढ समजुतीप्रमाणे, केव्हाच टळून गेली होती. तेवढ्यात एका जवळजवळ पर्णहीन झाडावर, भर उजेडात, अगदी उघड्यावर एक लहानसे घुबड बसलेले दिसले. मोठे डोके, दणकट चोच, पांढऱ्या पिसांनी भरलेले पाय. आणि डोक्यावर ठिपके नाहीत.

हा शेवटचा तपशील पाहताच तिघांच्या ध्यानात आले की समोर रानपिंगळा आहे. या पक्ष्याची शेवटची विश्वसनीय नोंद १८८४ सालची. त्यानंतर ११३ वर्षे कोणत्याही अभ्यासकाला तो जिवंत दिसला नव्हता. त्याचे छायाचित्रण झाले, ध्वनिचित्रफीत घेतली गेली आणि 'बहुधा नामशेष' समजला जाणारा एक पक्षी पुन्हा जिवंत प्राण्यांच्या यादीत आला.

येथवरची हकिकत अनेकांना ठाऊक असते. परंतु हे तिघे नेमके शहाद्यालाच का गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर सातपुड्यात सापडत नाही. त्यासाठी इंग्लंडमधील एका संग्रहालयाचा कपाटातील खण उघडावा लागतो, आणि एका अतिशय प्रतिष्ठित चोराची ओळख करून घ्यावी लागते.

तत्पूर्वी पिंगळ्याविषयी थोडेसे. साधा पिंगळा महाराष्ट्राला नवा नाही. गावाच्या वेशीवरच्या वडात, पडक्या वाड्याच्या भिंतीत, आंब्याच्या ढोलीत राहणारे हे ठिपकेदार लहान घुबड सर्वांच्या परिचयाचे. भल्या पहाटे कुडमुडे वाजवीत दारी येणारा आणि 'पिंगळा बोलतो' म्हणून भविष्य सांगणारा भिक्षेकरीही याच पक्ष्याचे नाव लावतो. रानपिंगळा हा त्याचाच भाऊबंद, पण स्वभावाने निराळा. तो गावात येत नाही. कोरड्या पानगळीच्या जंगलात, मोकळ्या जागांच्या कडेने राहतो. दिवसाउजेडी शिकार करतो, सरडे, सापसुरळ्या, उंदीर पकडतो, आणि शेपटी झटकीत झाडाच्या शेंड्यावर बसून राहतो. घुबड म्हटले की अंधार, ही आपली कल्पना त्याला लागू पडत नाही.

विज्ञानाला त्याची ओळख करून दिली ती अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. शाळेच्या पाठ्यपुस्तकात ह्यूम भेटतात ते राष्ट्रीय काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून. परंतु त्यांच्या आयुष्यातील खरी ओढ पक्ष्यांची होती. हिंदुस्थानभर विखुरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांचे एक जाळेच त्यांनी उभे केले होते. कुणी मिठागरांवर, कुणी जंगलखात्यात, कुणी रेल्वेच्या कामावर. जो तो आपल्या भागातील पक्षी टिपून, त्यांची कातडी भरून सिमल्याला धाडीत असे. अशाच एका सहकाऱ्याने, एफ. आर. ब्लेविट यांनी, डिसेंबर १८७२मध्ये आजच्या छत्तीसगढमधील बसना-फुलझर भागात एक अनोळखी घुबड मिळवले. पुढल्या वर्षी ह्यूम यांनी 'स्ट्रे फेदर्स' या आपल्याच नियतकालिकात त्याचे वर्णन छापले आणि जातीला ब्लेविट यांचे नाव दिले. १८७७मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला आजच्या ओडिशातील खरियार भागात आणखी एक पक्षी मिळाला.

त्यानंतर खानदेशाची पाळी आली. मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतील जेम्स डेव्हिडसन हे अधिकारी तेव्हा पश्चिम खानदेशात होते. शहादा आणि तळोदा हा त्यांचा मुलूख. तापीच्या उत्तरेला सपाट काळी जमीन, तिच्यापलीकडे सातपुड्याची भिंत आणि मध्ये कोरडे जंगल. १८८०च्या दशकाच्या आरंभी डेव्हिडसन यांनी येथे रानपिंगळ्याचे अनेक नमुने मिळवले. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची त्यांनी तयार केलेली यादीही 'स्ट्रे फेदर्स'मध्ये छापून आली. जगात या जातीविषयी जेवढी माहिती होती, तिच्यातील मोठा वाटा या एका अधिकाऱ्याच्या फावल्या वेळातील कामाचा होता.

ह्यूम यांच्या पक्षिशास्त्राचा शेवट मात्र करुण झाला. १८८४-८५च्या हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर असताना नोकरीवरून काढलेल्या एका माणसाने त्यांची पक्ष्यांवरील हस्तलिखिते बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. पंचवीस वर्षांच्या टिपणांची पुड्या बांधण्यासाठी वासलात लागली. ह्यूम यांचे मन उडाले. त्यांनी आपला संग्रह, पाऊण लाखाहून अधिक नमुन्यांचा, ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. १८८५ साली त्या पेट्या बोटीने लंडनला गेल्या आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. हिंदुस्थानी पक्ष्यांच्या अभ्यासाचे केंद्र त्या दिवसापासून हिंदुस्थानात उरले नाही, ही गोष्ट पुढील कथेसाठी महत्त्वाची आहे.

संग्रहालयातील पक्षी म्हणजे काय, हे येथे समजून घ्यायला हवे. पोटाकडून चीर देऊन कातडे पिसांसकट सोडवतात, मांस आणि बहुतेक हाडे काढतात, आत कापूस भरतात, चीर शिवतात आणि पाय एकमेकांवर ठेवून दोऱ्याने बांधतात. त्याच दोऱ्याला एक चिठ्ठी असते. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी, कोणी मिळवला, नर की मादी. बस्स, एवढेच. पण या चार ओळी निघून गेल्या तर हातात उरते ती केवळ पिसांची एक गुंडाळी. सारे पक्षिशास्त्र, जातींचे नकाशे, स्थलांतराचे मार्ग, कोणती जात कोठून नाहीशी झाली याचा हिशेब, हे सर्व त्या चिठ्ठीवरील विश्वासावर उभे असते. चिठ्ठी लिहिणारा सभ्य गृहस्थ आहे, तो खोटे लिहिणार नाही, असे त्या काळी गृहीत धरलेले होते.

कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन हे असेच एक सभ्य गृहस्थ. जन्म १८७८, धनाढ्य घराणे, सैन्यातील अधिकारी, गुप्तहेर, शिकारी आणि पक्षितज्ज्ञ. पूर्व आफ्रिकेतील एका प्रचंड रानडुकराच्या जातीला त्यांचे नाव आहे. त्याच आफ्रिकेत १९०५ साली नांदी लोकांचा नेता कोइतालेल याला बोलणीसाठी बोलावून त्यांनी गोळी घातली, ही हकिकत केनियात आजही विसरलेली नाही. १९१७मध्ये पॅलेस्टाइनच्या आघाडीवर खोट्या लष्करी कागदपत्रांची पिशवी मुद्दाम शत्रूच्या हाती पडू देऊन तुर्कांना फसवण्याची जी युक्ती गाजली, तिचे श्रेय त्यांनी घेतले. ती कल्पना मुळात त्यांची नव्हतीच, असे ब्रायन गारफिल्ड यांनी २००७च्या आपल्या पुस्तकात मांडले. बनावट कागदांच्या बळावर नावारूपाला आलेला हा माणूस पुढे बनावट चिठ्ठ्यांमुळे उघडा पडला, हा योगायोग कादंबरीत आला असता तर वाचकाला तो पटला नसता.

माइनर्ट्झहागन यांचा हिंदुस्थानशी निकटचा संबंध होता. क्वेट्ट्याच्या स्टाफ कॉलेजात ते शिकले. ऑक्टोबर १९१४च्या मध्यावर मुंबई बंदरातून पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर निघालेल्या फौजेत ते गुप्तवार्ता अधिकारी होते. ही फौज टांगा येथे जर्मनांकडून सपाटून मार खाऊन परतली. पुढे १९३७ साली सालिम अली यांच्यासह त्यांनी अफगाणिस्तानचा पक्षिदौराही केला. या दौऱ्यात त्यांनी आपल्या रोजनिशीत हिंदी लोकांच्या राज्यकारभाराच्या कुवतीविषयी तुच्छतेने लिहिले होते. सालिम अलींनी आपल्या आत्मचरित्रात तो मजकूर स्वतःच छापून टाकला. रागावण्यापेक्षा त्यांनी वाचकाला हसण्याची संधी दिली, असे तो भाग वाचताना वाटते.

१९५४मध्ये माइनर्ट्झहागन यांनी आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागाला दिला. अत्यंत सुबक, दुर्मीळ आणि विलक्षण नोंदींनी भरलेला संग्रह. त्यात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिले होते: मांडवी, तापीकाठी; ऑक्टोबर १९१४. ही मांडवी कच्छची नव्हे. ती सुरतेच्या वरच्या अंगाला, तापीच्या काठावरची. जगातील संग्रहालयांत या जातीचे एकूण सात नमुने होते. त्यातील हा सातवा आणि सर्वांत अलीकडचा.

या एका चिठ्ठीने काय केले? तिने रानपिंगळ्याचे आयुष्य कागदावर तीस वर्षांनी वाढवले आणि त्याचा पत्ता बदलला. १८८४पर्यंत दिसलेला पक्षी आता १९१४पर्यंत जिवंत ठरला. आणि एखादी दुर्मीळ जात शोधायची तर माणूस स्वाभाविकपणे तिच्या शेवटच्या ठिकाणापासून सुरुवात करतो. १९७०च्या दशकात एस. डिलन रिप्ली आणि सालिम अली यांच्यासारख्या मातब्बरांनी या पक्ष्याचा छडा लावण्याचे प्रयत्न केले. हाती काही लागले नाही. मांडवीत शोध निष्फळ ठरला की त्याचा अर्थ एकच निघत असे: शेवटच्या ज्ञात ठिकाणीही पक्षी उरलेला नाही, तेव्हा तो बहुधा संपला. मध्यंतरी कुणी रानपिंगळा म्हणून दाखवलेली छायाचित्रे साध्या पिंगळ्याची निघाली.

तापीच्याच वरच्या बाजूला, प्रकाशाच्या संगमापलीकडे, शहादा-तळोद्याचे रान जागच्या जागी होते. खोटे रचणाऱ्याने नदी अचूक निवडली होती. फक्त प्रवाहाबरोबर तो बराच खाली सरकला होता. खऱ्याच्या इतक्या जवळ ठेवलेले खोटे ओळखू येत नाही.

माइनर्ट्झहागन यांच्याविषयी कुजबुज मात्र फार जुनी होती. १९१९च्या सुमारास परवानगीशिवाय नमुने बाहेर नेल्याबद्दल म्युझियमच्या पक्षिकक्षात त्यांना अठरा महिने बंदी घातलेली होती. नंतरही संशय उठत राहिला, खटला भरण्याचा विचारही झाला. परंतु एका नामांकित कर्नलाला न्यायालयात उभे करण्याचे धैर्य कोणी दाखवले नाही, शिवाय त्यांचा संग्रह मिळण्याची आशा होतीच. अशा वेळी संस्था काय करतात हे सर्वांना ठाऊक आहे. १९६७ साली ते सन्मानाने वारले. १९९३मध्ये अॅलन नॉक्स यांनी 'आयबिस' या नियतकालिकात त्यांच्या काही युरोपीय पक्ष्यांच्या नमुन्यांची तपासणी मांडून हा संशय प्रथमच पुराव्यानिशी छापला.

त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत पामेला रासमुसेन एका मोठ्या कामाला लागल्या होत्या. दक्षिण आशियातील पक्ष्यांचे नवे मार्गदर्शक पुस्तक तयार करण्याचा रिप्ली यांचा संकल्प होता. ते थकले आणि भार रासमुसेन यांच्यावर आला. पुस्तकासाठी प्रत्येक जातीचे प्रत्यक्ष नमुने पाहायचे, चिठ्ठ्या ताडून घ्यायच्या, असा त्यांचा शिरस्ता. काम करताना पुन्हा पुन्हा एकच नाव अडथळा होऊन येऊ लागले. जी नोंद भूगोलात बसत नाही, ऋतूत बसत नाही, इतर कोणाच्याही अनुभवाशी जुळत नाही, तिच्या चिठ्ठीवर हटकून माइनर्ट्झहागन.

रासमुसेन आणि बर्डलाइफ संस्थेचे नायजेल कॉलर यांनी मग सातवा रानपिंगळा तपासायला घेतला. येथे इतिहासाची आणि न्यायवैद्यकाची सीमा पुसट होते. कातडे भरणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. चीर किती लांब, टाके कसे, पंख कसे मिटवलेले, पायाच्या आणि पंखांच्या हाडांभोवती कापूस कसा गुंडाळलेला, हे सारे शिंप्याच्या टाक्यासारखे ओळखू येते. डेव्हिडसन यांचे खानदेशातील नमुने तुलनेसाठी उपलब्ध होते. क्ष-किरण चित्रे काढली गेली. सातव्या पक्ष्याची बाहेरची शिवण एका हाताची होती आणि आतल्या खुणा दुसऱ्याच. तो पक्षी एकदा तयार झाल्यानंतर पुन्हा उघडून, नव्याने भरून, नव्याने शिवलेला होता. आणि नूतनीकरणातून सुटलेल्या जुन्या खुणा डेव्हिडसन यांच्या पद्धतीशी जुळत होत्या.

निष्कर्ष उघड होता. माइनर्ट्झहागन यांनी १९१४मध्ये मांडवीला रानपिंगळा मारलाच नव्हता. डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला एक पक्षी त्यांनी ब्रिटिश म्युझियममधून चोरला, त्याचे रूप बदलले, मूळ चिठ्ठी नष्ट केली, स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधली आणि काही दशकांनी तोच पक्षी त्याच संग्रहालयाला दान केला. दानाबद्दल संग्रहालयाने आभारही मानले असणार! हा शोधनिबंध १९९९मध्ये 'आयबिस'मध्येच प्रसिद्ध झाला. पुढे रासमुसेन आणि ट्रिंग येथील संग्रहालयाचे रॉबर्ट प्रिस-जोन्स यांनी याच पद्धतीने इतर नमुने तपासले, तेव्हा हे प्रकरण एका घुबडापुरते नसून ही आयुष्यभर चाललेली सवय होती असे दिसून आले. २००५मध्ये निघालेल्या नव्या मार्गदर्शक पुस्तकात केवळ त्यांच्या शब्दावर उभ्या असलेल्या नोंदींना थारा मिळाला नाही.

त्यांनी हे का केले असावे? पैशासाठी नव्हे, पैसा घरचाच भरपूर होता. दुर्मीळ पक्षी 'आपण' मिळवला ही बढाई, इतके सोपे कारण पुरेसे वाटते. डेव्हिडसनसारखा जिल्ह्याचा अधिकारी उन्हातान्हात हिंडून जे जमवतो, ते लंडनच्या कक्षात बसून कोटाच्या खिशात घालता येते.

मांडवी यादीतून गळताच नकाशा स्वच्छ झाला. खात्रीची ठिकाणे दोन भागांत उरली: पूर्वेला छत्तीसगढ-ओडिशाचा पट्टा आणि पश्चिमेला खानदेश. १९९७च्या नोव्हेंबरात रासमुसेन, किंग आणि अॅबट प्रथम पूर्वेकडे गेले. जुन्या नोंदींच्या जागी फारसे जंगल उरले नव्हते. पक्षी मिळाला नाही. मग ते शहाद्याला आले. येथेही डेव्हिडसन यांच्या काळातील मैदानी रानाच्या जागी शेते होती. म्हणून ते डोंगराच्या पायथ्याकडे सरकले, आणि २५ नोव्हेंबरची ती सकाळ उगवली. शोधनिबंध छापून होण्याआधीच त्याचा सर्वांत मोठा पुरावा झाडावर बसलेला सापडला होता.

येथे नायजेल कॉलर यांच्या आणखी एका लिखाणाचा उल्लेख आवश्यक आहे. फिलिपाइन्समधील सेबू बेटावर फुलटोच्या जातीचा एक चिमुकला पक्षी होता. बेटावरचे जंगल तुटले, तेव्हा तोही संपला असे विसाव्या शतकात गृहीत धरले गेले. त्यामुळे उरलेसुरले जंगल वाचवण्याचे कारणही संपले. १९९२मध्ये तो पक्षी जंगलाच्या एका तुकड्यात जिवंत आढळला. १९९८च्या आपल्या लेखात कॉलर यांनी अशा प्रकाराला 'रोमिओची चूक' म्हटले. शेक्सपिअरच्या नाटकात रोमिओ ज्युलिएटला मृत समजून विष घेतो, आणि त्याच्या मृत्यूमुळे मग ती खरोखरच मरते. जात मेली असे मानून तिच्यावरचे लक्ष काढून घेतले की ती मरण्याचा मार्ग मोकळा होतो. भारतातील जेर्डनचा धाविक १९०० सालापासून बेपत्ता होता आणि १९८६मध्ये आंध्रातील कडप्पा भागात पुन्हा सापडला. गुलाबी डोक्याचे बदक आणि हिमालयी लावा मात्र अजून सापडलेले नाहीत.

खानदेशात रोमिओची चूक कोठवर गेली होती, हे पाहण्यासाठी तळोद्याकडे वळावे लागते. नर्मदेवरील सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील आदिवासी गावे जाणार होती. त्यांच्या पुनर्वसनासाठी १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात तळोद्याच्या राखीव जंगलातील सुमारे ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. ज्यांचे घरदार, शेत आणि नदी गेली, त्यांना जमीन मिळणे हा त्यांचा हक्कच होता आणि त्या हक्कासाठीही त्यांना दीर्घ लढा द्यावा लागला. त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. परंतु डेव्हिडसन यांच्या टिपणांतील तळोदा तो हाच. शंभर वर्षे ज्याला कोणी पाहिले नव्हते आणि ज्याचा शेवटचा पत्ता गुजरातेतला होता, अशा पक्ष्याचे नाव त्या निर्णयाच्या कागदांत येण्याचे कारणच नव्हते. चिठ्ठी खरी असती तर जंगल वाचले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र प्रश्न तरी विचारला गेला असता.

१९९७नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने कामाला हात घातला. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तळोदा, तोरणमाळ, मेळघाट आणि लगतच्या मध्य प्रदेशात पाहणी केली. रासमुसेन आणि इश्तियाक यांनी पक्ष्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याचे वर्णन छापले आणि यानंतर शोध सोपा झाला, कारण आता कानांना काय ऐकायचे ते ठाऊक होते. मेळघाटात, यावलमध्ये, खांडव्याच्या बाजूला एकेक जागा मिळत गेली. २०१४मध्ये मुंबईच्या उत्तरेला, मुंबईचे पाणी जेथून येते त्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा आढळला. सह्याद्रीत तो असेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

संख्या तरीही थोडीच आहे. २०१८मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' असा एक पायरी सुधारला. याचे कारण पक्षी वाढले हे नसून शोधणारे वाढले हे आहे. प्रौढ पक्षी एक हजारापेक्षा कमी असावेत असा अंदाज आहे. ढोलीसाठी लागणारी जुनी झाडे तुटतात, रानाला वणवे लागतात, शेते वर सरकतात. घुबडाविषयीच्या समजुती आहेतच. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड झिजवत बसते आणि मारणाराही तसाच झिजत जातो, असे जुनी माणसे सांगत. या समजुतीने निदान दगड तरी आवरले असतील. अंडी आणि अवयव यांच्यासाठी घुबडे मारणाऱ्या समजुती अधिक घातक निघाल्या.

अलीकडे शोध दक्षिण गुजरातेतही पोहोचला. डांगच्या जंगलात, पूर्णा अभयारण्यात, रानपिंगळा नोंदवला गेला आहे. नकाशा उघडून पाहिले तर तेथून मांडवी फार दूर नाही. म्हणजे १९१४ साली मांडवीच्या आसपास रानपिंगळे असणे अगदीच अशक्य नव्हते. तरीही ती नोंद यादीत परत आलेली नाही, आणि येणारही नाही. सातवा पक्षी खानदेशातला आहे. तो नेमका कोणत्या गावच्या रानात, कोणत्या दिवशी मिळाला, हे डेव्हिडसन यांनी आपल्या चिठ्ठीवर लिहिले होते.